तारांसकट निसर्ग

घाटकोपरमधल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सहा वाजता स्वित्झर्लंड उगवतं. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर, कोपऱ्यात वाफाळता कप आणि वर ठळक अक्षरांत 'शुभ सकाळ'. साडेसहापर्यंत नॉर्वेचे एकदोन धबधबे कोसळून जातात, मग जपानी चेरीचा बहर येतो आणि सातच्या सुमारास कुणीतरी पाण्याच्या टँकरची चौकशी केली की त्या दिवसापुरता निसर्ग संपतो.

पाठवणाऱ्यांच्या सद्‌भावनेबद्दल मला शंका नाही. पण गेल्या काही वर्षांत याच ग्रुपांवर दुसऱ्या जातीचे फोटो यायला लागलेत. किंचित वाकडे, बहुतेकदा खिडकीच्या ग्रिलची एखादी दांडी अंगावर घेतलेले. केबलच्या वायरवर बसलेला खंड्या. दोन टॉवरांच्या फटीत अडकलेला चंद्र. खाली मजकूर एवढाच : 'आत्ता, आमच्या किचनमधून.' या फोटोंना अंगठे कमी मिळतात, पण ते काढणारी माणसं रोज काढतात. अशा काही माणसांना भेटायचं मी ठरवलं.

घाटकोपरला निसर्ग नाही, हे बाहेरच्यांचं नाही, घाटकोपरकरांचंच मत आहे. निसर्ग म्हणजे माथेरान, भंडारदरा, गेलाबाजार येऊर. आपल्याकडे काय, तर स्टेशनबाहेरची गर्दी, मेट्रोचा जिना आणि कबुतरं. (कबुतरांचा फोटो कुणीही काढत नाही, हे मी नमूद करून ठेवते. दिलाशालाही मर्यादा असतात.) भूगोल मात्र वेगळंच सांगतो. पश्चिमेला खंडोबा टेकडी आणि असल्फ्याचा डोंगर, पूर्वेला महामार्ग ओलांडला की तिवरं आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी, मधून मध्य रेल्वे. सूर्य खाडीवरून वर येतो आणि टेकडीआड जातो. डोंगर, पाणी, उगवती, मावळती, सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. एखाद्या हिल स्टेशनला एवढं भांडवल पुरलं असतं. आपण डोंगर आणि खाडी या दोन्हींकडे पाठ करून घरं बांधली, इतकंच.

पंतनगरातल्या म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त शिक्षिका राहतात. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे सगळी इमारत त्यांना 'बाई' म्हणते आणि मीही तेच म्हणणार आहे. इमारतीला लिफ्ट नाही. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरात अडकल्या. वॉकर घेऊन हॉल ते स्वयंपाकघर एवढीच त्यांची येजा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कुंपणाच्या भिंतीला लागून, सोनमोहराचं झाड आहे. त्याची एक फांदी वाळलेली. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, दर तासाला उठून उभं राहा. उभं राहायचं तर कुठे, म्हणून त्या खिडकीत उभ्या राहू लागल्या.

"उभी राहून करायचं काय? भांडी किती मोजणार?" बाई म्हणाल्या. "मग ती फांदी बघायला लागले. तिला खालच्या बाजूला एक भोक पडत होतं. रोज थोडं मोठं."

भोक पाडत होता तांबट. जेमतेम वीतभर लांबीचा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं. त्याचा आवाज मुंबईत सगळ्यांनी ऐकलेला असतो. भर उन्हात तांब्याचं भांडं ठोकत असल्यासारखं एका लयीत 'टुक टुक टुक' चालू असतं, पण पानांत तो स्वतः दिसत नाही. तांबट वाळक्या लाकडातच ढोली कोरतो. नर आणि मादी दोघंही पाळीपाळीनं खपतात. भोक फांदीच्या खालच्या अंगाला पाडतात, म्हणजे पाणी आत जात नाही. हे सगळं बाईंना नंतर मुलानं शोधून सांगितलं. आधी त्यांनी ते पाहिलं होतं.

फोटो काढायची त्यांची पद्धत मी जवळून पाहिली. आधी पदरानं मोबाइलची काच पुसायची. फोडणीच्या वाफेनं तिच्यावर तेलाचा पातळ थर बसलेला असतो आणि तो पुसला नाही तर सगळं धुकट येतं. मग मोबाइल ग्रिलच्या दोन गजांच्या मध्ये आडवा टेकवायचा. गजांचाच तिपाई म्हणून उपयोग. त्यामुळे हात कापला तरी फोटो हलत नाही. मग श्वास रोखून बोट टेकवायचं. त्यांच्या मोबाइलचा झूम बेताचाच. तांबट आला तरी फोटोत तो हिरव्या ठिपक्याएवढा दिसतो. मी म्हटलं, "बाई, पक्षी नीट दिसत नाही हो." त्यावर त्यांनी मला वर्गात बघावं तसं बघितलं. "मला माहितीये ना तो कुठे आहे."

मला वाटतं, या सगळ्या प्रकाराचं मर्म त्या उत्तरात आहे. स्वित्झर्लंडचा फोटो सुंदर असतो, पण त्यातल्या एकाही झाडाशी आपली ओळख नसते. आपल्याला धीर देतं ते सौंदर्य कमी आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहणं जास्त. काल होतं, आज आहे, फक्त भोक जरा मोठं झालंय. घरात अडकलेल्या माणसाला काळ पुढे सरकतोय याचा याहून चांगला पुरावा मिळत नाही.

खिडकीबाहेरच्या झाडाचा आजारी माणसावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला अभ्यास आहे. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची 1972 ते 1981 या काळातली कागदपत्रं चाळली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण निवडले आणि वय, लिंग वगैरे जुळवून त्यांच्या 23 जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याबद्दल तक्रारीचे शेरे कमी होते आणि ते सरासरीनं जवळपास पाऊण दिवस आधी घरी गेले. 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा निबंध आला आणि रुग्णालयं बांधणारे वास्तुविशारद आजही त्याचा हवाला देतात. रुग्ण थोडे, रुग्णालय एकच, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये, हेही खरं. बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांचा प्रश्न व्यावहारिक होता : "पाऊण दिवस म्हणजे बिलात किती कमी?"

बाईंना ठाऊक नाही, पण खिडकीतून फोटो काढणाऱ्यांची परंपरा खुद्द कॅमेऱ्याइतकी जुनी आहे. कॅमेऱ्यानं घेतलेलं आणि आजवर टिकलेलं सर्वांत जुनं चित्र म्हणजे 1826-27च्या सुमाराला जोसेफ निसेफोर न्येप्स या फ्रेंच माणसानं आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून टिपलेली शेजारची छपरं. प्राग शहरातल्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. नाझींनी शहर ताब्यात घेतल्यावर मोठा कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणं अवघड झालं, तसा तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळला. काचेवरचे थेंब आणि बाहेरचं वाकडं झाड यांचे फोटो तो 1940 ते 1954 अशी चौदा वर्षं काढत राहिला. सुदेकचं झाडही काही देखणं नव्हतं.

आपल्याकडे हे इतक्या उशिरा का आलं, याचं कारण माझ्या मते रोल. 36 फोटोंचा रोल. तो सहलीला निघताना विकत घ्यायचा आणि जपून वापरायचा. महाबळेश्वरच्या एका पॉइंटवर दोन, मावशीबरोबर एक, परतताना उरलेला बारशाला. मग धुवायला टाकायचा. रोल धुवून येईपर्यंत डोळे मिटलेले किती आले ते कळायचं नाही. अशा हिशेबी काळात दारातल्या झाडावर फोटो खर्च करणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढलं असतं. निसर्गाचा फोटो म्हणजे भव्य काहीतरी, ही समजूतही तेव्हाचीच. गोपाळ बोधे यांनी आकाशातून टिपलेले किल्ले आणि किनारे पाहिले की आजही छाती भरून येते. पण ते पाहणं वेगळं. त्यासाठी हेलिकॉप्टर लागतं.

मोबाइलनं खर्च शून्यावर आणला आणि 2020च्या मार्चमधल्या टाळेबंदीनं माणसांना खिडकीत आणून उभं केलं. ज्यांना मी भेटले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात तेव्हाची. लोकलचा आवाज थांबला आणि कोकिळा एवढी जवळ ओरडते हे लोकांना पहिल्यांदा कळलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : सतत फोटो काढणारा माणूस बघतो कुठे? लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात याची परीक्षा घेतली. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या लोकांना नंतर कमी आठवल्या. ज्या फक्त पाहिल्या, त्या जास्त. काम कॅमेऱ्यावर सोपवलं की मेंदू हात झटकतो. पण 2014च्या त्या निबंधातला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून ज्यांनी फोटो काढला, त्यांची आठवण शाबूत राहिली. झूमबाहेर राहिलेल्या भागाचीसुद्धा. म्हणजे कुठे बघायचं हे ठरवावं लागलं की माणूस बघतो. लँकेस्टर आणि शेफील्डच्या दोन संशोधकांनी 'रोज एक फोटो' काढणाऱ्या काही लोकांचा मागोवा घेतला होता, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. छोटासाच अभ्यास, पण निष्कर्ष ओळखीचा वाटला. फोटोपेक्षा फोटोसाठी थांबणं, बाहेर पडणं आणि त्या निमित्तानं कुणाशी तरी बोलणं, याचा त्या माणसांना आधार होता.

खाडीवर मात्र वेगळी जमात भेटते. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात आणि हातात तोफेएवढ्या लेन्स घेतलेली मंडळी पहाटे ऐरोली, भांडुपकडे निघालेली दिसतात. 2015च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीचा 1,690 हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एखाद्या मोसमात पक्ष्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. ते इथे इतके का रमले याचं अभ्यासकांनी दिलेलं एक कारण कुठल्याही कॅलेंडरवर छापलेलं नसतं. आपल्याच मोऱ्यांचं पाणी खाडीत जातं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं आणि ते शेवाळ हे त्यांचं खाणं. त्यातल्याच रंगद्रव्यांनी ते गुलाबी होतात. हिवाळ्यातल्या सकाळी टॉवरच्या गच्चीवरून काढलेल्या 'धुक्यातलं घाटकोपर' या फोटोंचंही तेच आहे. ते धुकं बहुधा धुरकं असतं. मला यात फसवणूक वाटत नाही. हा आपला निसर्ग आहे आणि त्यात आपणही मिसळलेलो आहोत. फ्रेममधून तारा कापून टाकल्या म्हणून तारा जात नाहीत.

2024च्या मे महिन्यात घाटकोपरनं हे फार जवळून पाहिलं. 13 मेच्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं आणि छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला. 17 माणसं गेली. पालिकेच्या नियमात 40 बाय 40 फुटांपर्यंत परवानगी. हा 120 बाय 120 होता. महामार्गावरून फलक नीट दिसावेत म्हणून तिथल्या झाडांना विष घालून मारल्याची तक्रार त्याआधीच झाली होती. दृश्य मोकळं हवं म्हणून झाडं मारायची, हाही निसर्गदृश्याचा एक विचार म्हणायचा. पुढच्याच सोमवारी, 20 मेला, मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. त्या रात्री दुबईहून येणारं विमान उतरताना फ्लेमिंगोंच्या थव्यावर आदळलं. विमान सुखरूप उतरलं. घाटकोपर पूर्वेला लक्ष्मीनगरच्या आसपास पक्षी पडले. गच्च्यांवर, रस्त्यावर, गाड्यांमध्ये. मेलेल्या पक्ष्यांचा आकडा मोजता मोजता 39 झाला.

त्या भागात राहणारी कॉलेजातली एक मुलगी फ्लेमिंगोंचे फोटो काढायची. खाडीवर जाऊन नाही, गच्चीवरून. संध्याकाळी रांगेनं जाणारे गुलाबी ठिपके. "त्या रात्री मी खाली गेले," ती सांगत होती. "इतके मोठे असतात मला माहीतच नव्हतं हो. मान केवढी लांब. एक फोटो काढला आणि मोबाइल खिशात टाकला." तो फोटो तिनं कुठेही टाकला नाही, पुसलाही नाही. पुढच्या मोसमात ती पुन्हा गच्चीवर जाऊ लागली. का, असं विचारलं तर म्हणाली, "येतात का ते बघायला."

डोंगराकडची गोष्ट निराळी. वर्सोव्याहून घाटकोपरला येणारी मेट्रो 2014 साली सुरू झाली आणि असल्फ्याचा डोंगर पहिल्यांदा लाखो लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. 2017च्या अखेरीस स्वयंसेवकांनी तिथल्या घरांच्या भिंती रंगवल्या. निळ्या, गुलाबी, पिवळ्या. मेट्रोतून फोटो निघू लागले आणि लगेच उपमा आली, मुंबईचं पोझिटानो. स्वतःच्या टेकडीला बरं म्हणायलाही आपल्याला इटलीतलं गाव लागतं.

टेकडीवर राहणारा, कुरिअरचं काम करणारा एक तरुण मला म्हणाला, "ताई, तुमच्या फोटोत घर निळं दिसतं. आतून पत्राच आहे." तोही फोटो काढतो. पाऊस पडून गेल्यावर त्याच्या दारातून पार पारसिकच्या डोंगरापर्यंत दिसतं, मध्ये खाडी चकाकते. पंचविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला या दृश्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पण त्याच्या मोबाइलमधला खरा संग्रह दुसराच आहे. घरामागच्या उतारावरचा एक दगड. दर जूनमध्ये पहिल्या पावसाआधी एक फोटो, मग मोठा पाऊस झाला की एक. त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच उंचीवरून, दगडाशेजारी पाण्याची तीच निळी पिंपं फ्रेममध्ये घेऊन.

12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली आणि साठाहून अधिक माणसं गाडली गेली. हा तरुण तेव्हा रांगत होता. त्याची आई अजूनही पाऊस लागला की रात्री उठून मागचं दार उघडते. "आधी आई नुसतीच बघायची. अंधारात काय दिसणार? आता मी मागच्या वर्षीचा फोटो काढून दाखवतो. बघ, फट तेवढीच आहे. मग झोपते." दरड काही फोटोला विचारून येत नाही, हे त्यालाही कळतं, जिथे संरक्षक भिंत हवी तिथे मोबाइल पुरत नाही, हे मी माझ्या वतीनं जोडते. तरीही निसर्गाच्या फोटोनं झोप लागलेली मला भेटलेली माणसं मोजकी आणि त्यांत ही आई पहिली.

बाईंच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. पंतनगरात एकेक इमारत पडतेय आणि तिच्या जागी टॉवर येतोय. झाड जातं आणि वरच्या मजल्यांना खाडी दिसू लागते. बाईंनी संमतीपत्रावर कुरकुर न करता सही केली. "लिफ्ट मलाही हवीय. गुडघा माझा आहे." पण गेल्या उन्हाळ्यात सोनमोहराच्या खोडावर पालिकेची नोटीस लागली. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी अशी नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. बाईंचं म्हणणं सरळ होतं : झाड कुंपणाला लागून आहे, इमारतीच्या मध्ये नाही. ते ठेवूनही टॉवर होतो. आणि त्यात घरटं आहे.

घरट्याला पुरावा पाहिजे. बाईंनी मुलाला सांगितलं, सगळ्या फोटोंवर तारखा छाप.

"आई, तारीख फोटोच्या आत असतेच. वेळ, ठिकाण, सगळं. मूळ फोटो दे."

मूळ फोटो नव्हते. मोबाइल भरला की बाई ते पुसून टाकत, कारण ग्रुपवर पाठवून झालेले असत. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की आतली ही माहिती गळून जाते. उरले शेवटच्या महिन्याभरातले. मग त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, आणि तो मी जसाच्या तसा देते : 'ज्यांच्याकडे मागच्या झाडाचे स्वतः काढलेले फोटो असतील त्यांनी ते ईमेलने पाठवावेत. फॉरवर्ड केलेले चालणार नाहीत. आपला मजला लिहावा.'

मी तेव्हा तिथेच बसले होते. तासाभरात दुसऱ्या मजल्यावरून नऊ आले, मग पहिल्यावरून. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांनी 2019पासूनचा आख्खा गठ्ठा पाठवला. त्यांच्या मुलाचे वाढदिवस. केक, टोपी, मेणबत्त्या, आणि मागे उघड्या खिडकीत दरवर्षी थोडं उंच होत गेलेलं झाड. बाईंचा मुलगा म्हणाला, "आई, हे कसे जोडायचे हरकतीला? यात सगळा केकच आहे."

बाईंनी चष्मा वर केला, स्क्रीन जवळ घेतला. "फांदी दिसतेय ना? जोड."